जडसन दांपत्याचे रंगूनमधील पहिले दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन मिशनरी अडोनायराम जडसन आणि त्यांच्या पत्नी ॲन यांच्याविषयी आपल्या मंडळ्यांतून जे बोलले जाते, ते बहुधा बर्मी बायबलाविषयी किंवा जडसन यांच्या तुरुंगवासाविषयी असते. १३ जुलै १८१३ रोजी रंगूनला, म्हणजे आजच्या यांगूनला, पोहोचल्यानंतरचे त्यांचे पहिले महिने मात्र दोन ओळींत आटोपले जातात. परदेशी सेवेसाठी निघण्याची तयारी करणारी दांपत्ये नेमके याच महिन्यांविषयी अधिक विचारतात: ते राहिले कुठे, खाल्ले काय, बोलले कोणाशी. असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे बरीचशी ॲनबाईंच्या पत्रांतून आणि रोजनिशीतून कळणाऱ्या माहितीवर आधारलेली आहेत, कारण घरादाराचा तपशील त्यांनीच लिहून ठेवला.

लग्न होताच दोघे जहाजावर चढले, हे खरे आहे काय?

जवळजवळ खरे आहे. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड गावी ५ फेब्रुवारी १८१२ रोजी त्यांचा विवाह झाला, दुसऱ्याच दिवशी सेलम येथील टॅबरनॅकल चर्चमध्ये जडसन यांची आणि त्यांच्या चार सोबत्यांची दीक्षा झाली आणि १९ फेब्रुवारीला ‘कॅरव्हॅन’ जहाजाने सेलम बंदर सोडले. जडसन तेव्हा २३ वर्षांचे होते आणि ॲनबाई २२ वर्षांच्या. विवाहापूर्वी जडसन यांनी ॲनबाईंच्या वडिलांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगी या जगात पुन्हा दृष्टीस पडणार नाही, समुद्राचे धोके, परक्या हवामानातील आजार, हालअपेष्टा आणि कदाचित अकाली मरण तिच्या वाट्याला येईल, हे मान्य करून आपण संमती देता काय, असे त्यांनी सरळ विचारले होते. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला. मागणी घालण्याची ही तऱ्हा आजही अंगावर काटा आणते. पण त्यात फसवणूक नव्हती, आणि पुढे त्यातले बहुतेक सारे खरे ठरले.

त्यांनी ब्रह्मदेशच का निवडला?

निवडला असे म्हणणे निम्मेच बरोबर आहे. मायकल साइम्स या ब्रिटिश राजदूताने आवाच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या, राज्याविषयी लिहिलेला वृत्तांत जडसन यांनी विद्यार्थिदशेतच वाचला होता आणि तो देश त्यांच्या मनात होता. तथापि, १७ जून १८१२ रोजी कलकत्त्याला पोहोचल्यावर ब्रह्मदेशात जाऊ नये असाच सल्ला त्यांना मिळाला. तेथील सत्ता अनियंत्रित आहे आणि धर्म बदलणाऱ्या प्रजाजनांना कठोर शिक्षा होतात, असे सांगण्यात येत होते. हिंदुस्थानात राहावे, तर वेल्लोर येथील १८०६ च्या शिपायांच्या उठावानंतर ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार मिशनऱ्यांच्या बाबतीत अधिकच सावध झाले होते. त्यातच ते पोहोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला.

यापुढचे वर्ष वणवणीचे होते. कलकत्त्यात ६ सप्टेंबर १८१२ रोजी दोघांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि त्यामुळे बालबाप्तिस्मा मानणाऱ्या ज्या काँग्रिगेशनल मंडळाने त्यांना पाठवले होते त्याच्याशी संबंध तोडणे त्यांना भाग पडले. नंतर ते मॉरिशसला गेले, तर त्यांच्याबरोबर अमेरिकेहून निघालेल्या हॅरिएट न्यूएल ३० नोव्हेंबरला तेथे वारल्या असल्याची बातमी त्यांच्यापुढे आली. हॅरिएट अवघ्या १९ वर्षांच्या होत्या. जून १८१३ मध्ये जडसन दांपत्य मद्रासला आले. कंपनीचे अधिकारी आपल्याला पकडून इंग्लंडला रवाना करतील ही भीती होती आणि बंदरात लवकर सुटणारे जहाज मिळाले ते रंगूनला जाणारे. हा सगळा प्रसंग ‘ईश्वरी पाचारण’ एवढ्या दोन शब्दांत सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. जडसन दांपत्याचाही देवाच्या हातावर विश्वास होताच, पण तो हात त्यांना बंद होत गेलेल्या दारांमधून दिसला, हे सांगितल्याशिवाय त्यांची कथा पुरी होत नाही.

मद्रास ते रंगून हा प्रवास कसा झाला?

अतिशय वाईट. ‘जॉर्जियाना’ हे जुने, मोडकळीस आलेले जहाज २२ जूनला निघाले. ॲनबाईंच्या सोबतीसाठी नेमलेली युरोपियन बाई जहाजावर पाऊल ठेवताच कोसळून मरण पावली. ॲनबाई गरोदर होत्या. वाटेत, पतीखेरीज मदतीला कोणी नसताना, त्या बाळंत झाल्या आणि मूल मृत जन्मले. रंगूनच्या बंदरात जहाज शिरले तेव्हा त्यांच्यात चालण्याचीही शक्ती नव्हती.

किनाऱ्यावर उतरल्यावर पहिले स्वागत कोणी केले?

स्वागताला कोणी आलेच नव्हते. संध्याकाळी जडसन एकटेच किनाऱ्यावर जाऊन गाव पाहून आले आणि जे पाहिले त्याने त्यांचे मन अधिकच खचले. ती रात्र आपल्या आयुष्यातील अतिशय उदास रात्रींपैकी होती, असे ॲनबाईंनी लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी ॲनबाईंना उतरवायचे कसे हा प्रश्न पडला, कारण गाडीघोड्याची सोय नव्हती. अखेर एका हातांच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू लावण्यात आले आणि चार बर्मी माणसांनी ती खांद्यावर घेतली. गावात शिरल्यावर भोयांनी विसाव्यासाठी खुर्ची सावलीत ठेवली आणि बघ्यांची गर्दी जमली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी गोरी बाई कधी पाहिली नव्हती. ॲनबाई मान खाली घालून निपचित बसल्या होत्या. काही बायका त्यांच्या टोपीखाली डोकावून पाहू लागल्या, तेव्हा त्यांनी मान वर करून स्मित केले आणि सारा जमाव खदखदून हसला. तेथून खुर्ची जकातीच्या नाक्यावर गेली. नाका म्हणजे एक उघडी पडवी आणि चटयांवर बसलेले अंमलदार, एवढेच. त्यांनी जडसन यांची कसून झडती घेतली आणि ॲनबाईंची झडती स्थानिक स्त्रीकडून घेण्याची परवानगी मागितली, ती ॲनबाईंनी लगेच दिली.

परदेशात प्रथम उतरणाऱ्या दांपत्याला आजही विमानतळावर याच दोन गोष्टी भेटतात, लोकांची नजर आणि सामानाची तपासणी. त्यांतील कुतूहल कोणते आणि शत्रुत्व कोणते, हे ॲनबाईंनी पहिल्याच तासात ओळखले, असे त्यांच्या लिहिण्यावरून दिसते.

ते राहिले कोठे? घर आधीपासून तयार होते काय?

होते, आणि हा त्यांच्या नशिबाचा भाग म्हणावा लागेल. कलकत्त्याजवळील सेरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनने काही वर्षांपूर्वी रंगूनला ठाणे उघडले होते. त्या मिशनचे संस्थापक विल्यम कॅरी यांचे थोरले पुत्र फेलिक्स कॅरी तेथे राहत. शहराच्या तटाबाहेर, सुमारे अर्ध्या मैलावर, फळझाडांच्या बागेत सागवानी फळ्यांचे ऐसपैस मिशनघर उभे होते, मात्र आतले काम अपुरे राहिल्याने तुळया आणि सांधे उघडेच दिसत. जडसन पोहोचले तेव्हा फेलिक्स घरी नव्हते. देवी टोचण्याच्या कामासाठी राजाने त्यांना आवा येथे बोलावून घेतले होते. घरात त्यांच्या पत्नी होत्या. त्यांचा जन्म ब्रह्मदेशातलाच असून त्यांना इंग्रजी फार थोडे येत असे. म्हणजे ज्या घरात या दांपत्याने अंग टाकले, त्या घरच्या गृहिणीशीही धड बोलता येत नव्हते. तरी तिने आजारी पाहुणीची व्यवस्था केली आणि ॲनबाई तेथेच हळूहळू सावरल्या.

जागेची वाईट बाजूही होती. तटाबाहेर दरोडेखोरांचा उपद्रव असे आणि देहदंड देण्याची जागाही लांब नव्हती. १८१४ च्या आरंभी दरोड्यांच्या भीतीने ते काही काळ शहराच्या आत राहण्यास गेले. त्याच वर्षी फेलिक्स आपल्या कुटुंबासह आवा येथे निघाले असता इरावती नदीत नाव उलटली आणि त्यांची पत्नी व मुले बुडून मेली. त्यानंतर रंगूनचे मिशन सर्वस्वी जडसन दांपत्यावर आले.

खाण्यापिण्याचे हाल झाले काय?

फारसे नाहीत. पाव, लोणी, चीज, बटाटे यांपैकी काही मिळत नव्हते. रोजचे जेवण म्हणजे भात, कोंबडीची करी आणि काकडी घालून शिजवलेली कोंबडी. ॲनबाईंनी हे तक्रारीच्या सुरात लिहिलेले नाही. कोकणातल्या माणसाला तर यात हाल कसले, असेच वाटेल.

शिक्षक इंग्रजी जाणत नसताना भाषा कशी शिकली?

बोट दाखवून. फेलिक्स कॅरी यांच्या व्याकरणाचे आणि शब्दसंग्रहाचे अपुरे हस्तलिखित साहित्य सोडले, तर त्यांच्या हाताशी काहीही नव्हते. शिक्षक समोर बसत, विद्यार्थी वस्तूकडे बोट दाखवीत आणि शिक्षक तिचे नाव सांगत. नामे अशी मिळाली, पण क्रियापदे, भाववाचक नामे आणि धर्मविषयक शब्द बोटाने दाखवता येत नाहीत, त्यामुळे खरा कस पुढेच लागला. ताडपत्रावर कोरलेल्या गोल अक्षरांच्या ओळीत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे, म्हणून शब्द कोठे संपतो हे ओळखण्यासाठी आधी तो ठाऊक असावा लागे. शिवाय धर्मग्रंथ पाली भाषेतील शब्दांनी भरलेले होते. जडसन दिवसाचे बारा बारा तास अभ्यास करीत. दोन वर्षांनंतर त्यांनी लिहिले की, फ्रेंचचा अभ्यास मी दोनच महिने केला आहे आणि बर्मीचा दोन वर्षांहून अधिक काळ. तरी परीक्षेसाठी दोहोंपैकी एक पुस्तक निवडायचे झाले तर मी बेलाशक फ्रेंच निवडीन. जडसन हे ब्राउन विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने पदवी घेतलेले गृहस्थ होते, हे लक्षात घेता या कबुलीचे वजन कळते. पुढे त्यांनी बर्मी व्याकरण लिहिले आणि कोशाचे काम मृत्यूपर्यंत चालवले.

ॲनबाई फक्त घर सांभाळीत होत्या काय?

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो आणि त्यातील ‘फक्त’ या शब्दाला आमची हरकत आहे.

आरंभी शिक्षक त्यांना शिकवण्यास नाखूश होते. स्त्रीला शिकवणे त्यांना कमीपणाचे वाटले. जडसन यांनी पत्नीलाही आपल्याइतकेच शिकवावे असा आग्रह धरल्यावर ते तयार झाले. पुढे ॲनबाईंनी एका पत्रात घरातील दिनक्रमाचे चित्र दिले आहे. मोठ्या उघड्या व्हरांड्यात जडसन बर्मी ग्रंथांनी भरलेल्या मेजावर वाकलेले असून शेजारी साठीच्या घरातील शिक्षक बसले आहेत, कमरेला वस्त्र आणि डोक्याला रुमाल, आणि दोघांची दिवसभर अखंड बडबड चालू आहे. ॲनबाईंची सकाळ नोकरांना कामे सांगण्यात आणि जेवणाची तजवीज करण्यात जाई. दहा वाजता त्यांचे शिक्षक येत आणि आतल्या खोलीत वाचन, लेखन, संभाषण सुरू होई, पण ते सलग क्वचितच चाले, कारण मध्येच कोणी ना कोणी काही विचारण्यास येई.

पतीला अभ्यासास निवांतपणा मिळावा म्हणून त्यांनी घराचा सर्व कारभार अंगावर घेतला होता. वर्षभराच्या अनुभवानंतर त्यांनी लिहिले की, भाषा आत्मसात करण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नव्हता, कारण दिवसभर बर्मी बोलल्याशिवाय सुटकाच नव्हती. बोलणे आणि दुसऱ्याचे समजणे या बाबतींत आपण पतीच्या पुढे आहोत, भाषेची घडण मात्र त्यांना अधिक कळते, असेही त्यांनी नोंदवले आहे. मिशनच्या इतिहासात स्वयंपाकघराला जे दुय्यम स्थान दिले जाते, त्यावर हे एकच पत्र पुरेसे उत्तर आहे. मंडईतील भावावरून जी भाषा येते ती ताडपत्रावरून येत नाही, आणि सामान्य माणसापर्यंत सुवार्ता जायची असेल तर दोन्ही लागतात. परदेशी जाणाऱ्या दांपत्याने भाषेचे वर्ग फक्त पतीसाठी ठरवून घेऊ नयेत, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. आजही तसे ठरवणारे आहेत, म्हणून हा खुलासा.

मंडळी नसताना उपासना कशी होत असे?

दोघांचीच. १९ सप्टेंबर १८१३ या रविवारी त्यांनी ब्रह्मदेशात प्रथम प्रभुभोजन घेतले, आणि आपण दोघेच असलो तरी ख्रिस्ताची मंडळी आहोत, या भावनेने घेतले. मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील ‘दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तेथे मी असतो’ या अर्थाचे वचन आपण प्रार्थनासभेला लोक कमी आले की सवयीने म्हणतो. रंगूनमध्ये तिसरा येण्याची शक्यताच नव्हती.

सरकारी अधिकाऱ्यांशी संबंध कसे जुळवले?

मराठी वाचकाला ब्रह्मदेश ठाऊक असतो तो मंडालेच्या तुरुंगामुळे किंवा रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे. थिबाच्याच कोनबाउंग घराण्यातील बोदॉपया हा राजा त्या काळी गादीवर होता आणि रंगूनवर त्याचा सुभेदार कारभार पाही. अडचण आली तर थेट सुभेदारापर्यंत जाता यावे, यासाठी त्याच्या पत्नीची ओळख करून घेणे ॲनबाईंना आवश्यक वाटले. डिसेंबरात, त्या घरी येणेजाणे असलेल्या एका फ्रेंच बाईंच्या ओळखीने, त्या भेटीस गेल्या. सुभेदाराची थोरली पत्नी बाहेर येईपर्यंत त्याच्या धाकट्या बायकांनी त्यांची टोपी आणि हातमोजे स्वतः घालून पाहिले. मग थोरली पत्नी चांदीची लांब चिलीम ओढीत आली, हात धरून त्यांना चटईवर बसवले आणि घरच्या माणसाप्रमाणे चौकशी केली. इतक्यात हातात प्रचंड भाला घेतलेला सुभेदार आत आला आणि ॲनबाईंना कापरे भरले. पण त्याने सौम्यपणे बोलून, रम किंवा वाइन घेणार काय, एवढेच विचारले.

ही भेट धर्मप्रसाराची नव्हती, आणि ती तशी करण्याचा मोह त्यांनी टाळला, यातच त्यांचे शहाणपण दिसते.

पैसा आणि पत्रे कोठून येत?

जुन्या मंडळाशी संबंध सुटल्यामुळे पहिला बराच काळ सेरामपूरच्या मिशनचा आधार होता. सोबती ल्यूथर राइस निधी उभारण्यासाठी अमेरिकेला परतले. त्यांच्या खटपटीने मे १८१४ मध्ये फिलाडेल्फिया येथे बॅप्टिस्टांचे राष्ट्रीय मिशन मंडळ स्थापन झाले आणि त्याने जडसन यांना आपले मिशनरी म्हणून स्वीकारले. ही बातमी रंगूनला पोहोचण्यास १८१५ साल उजाडले. तोवर आपण नेमके कोणाचे मिशनरी आहोत, हे त्यांनाच निश्चित माहीत नव्हते.

आजारपणात वैद्यकीय मदत मिळत असे काय?

रंगूनमध्ये त्यांना उपयोगी पडेल असा डॉक्टर नव्हता. १८१५ च्या आरंभी ॲनबाई उपचारांसाठी एकट्या मद्रासला जाऊन आल्या. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला त्यांना मुलगा झाला. प्रसूतीच्या वेळी जवळ केवळ पती होते. रॉजर विल्यम्स असे नाव ठेवलेले हे मूल आठ महिन्यांचे होण्याआधीच, ४ मे १८१६ रोजी, तापाने गेले. त्यानंतर सुभेदाराची पत्नी लवाजम्यासह सांत्वनाला आली आणि अंत्यविधीला येता यावे म्हणून मला का कळवले नाही, अशी तिने तक्रार केली. चटईवरच्या त्या पहिल्या भेटीतून जुळलेला स्नेह अडीच वर्षांनंतर असा उपयोगी पडला.

लोकांना सुवार्ता सांगण्यास प्रत्यक्ष सुरुवात केव्हा झाली?

खासगी बोलणी भाषा येऊ लागताच सुरू झाली, पण सार्वजनिक उपदेश एप्रिल १८१९ पर्यंत झाला नाही. त्या वेळी रस्त्याच्या कडेला त्यांनी ‘झायत’ बांधली, म्हणजे वाटसरूंनी बसावे, बोलावे अशी ब्रह्मदेशी पद्धतीची धर्मशाळा. पहिला बाप्तिस्मा मौंग नाऊ यांचा, २७ जून १८१९ रोजी. रंगूनला पोहोचल्यापासून याला सुमारे सहा वर्षे लागली. अहवालात दाखवण्यासारखे त्या सहा वर्षांत फार थोडे होते: एक व्याकरण, एक पत्रक आणि मत्तयाचे शुभवर्तमान. आजच्या देणगीदारांनी इतकी वाट पाहिली असती काय, ही शंका आम्हालाही आहे.

त्यांच्या सोबत्यांचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे काय?

थेट संबंध आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमला दीक्षा घेतलेल्या पाच जणांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोहोचले. नॉट यांच्या पत्नी रॉक्सॅना बरोबर होत्या. येथूनच अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ मानला जातो. मुंबईत त्यांची अडचण रंगूनच्या उलट होती. मराठीचे व्याकरण विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहून १८०५ सालीच छापले होते, पण मुंबईत राहण्याची परवानगी मात्र मिळत नव्हती. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सरकारशी अर्जविनंत्या करण्यात त्यांचे पहिले वर्ष गेले आणि १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाल्यावरच ते स्थिरावले. नॉट दांपत्य प्रकृतीच्या कारणाने १८१५ मध्ये परतले. हॉल मात्र राहिले आणि मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारले.